फाशीच्या बाजूने

यंदाही मे महिन्यात मंडळाच्या सत्यनारायणाची वर्गणी आणि वक्तृत्व स्पर्धेचा विषय एकाच दिवशी आमच्या पडवीत येऊन पोचले. विषय वाचून मी चहाचा कप खाली ठेवला. ‘फाशीची शिक्षा : असावी की नसावी?’ हा विषय आमच्या गावात रायवळ आंब्यासारखा आहे. एखाद्या वर्षी कमी धरतो, पण झाड काही मरत नाही.

निरोप घेऊन आली होती शेजारची तन्वी. बारावीची परीक्षा देऊन बसलेली, निकालाची वाट बघणारी, आणि माझ्यासारखंच वकिलीच्या कॉलेजात जायचं म्हणणारी.

“ताई, माका ‘असावी’चे मुद्दे दी. ‘नसावी’ म्हणणाऱ्यांका टाळये पडणत नाय.”

“तुका सोताक काय वाटता?”

“माका कॉलेजात जावचा आसा,” ती म्हणाली.

उत्तर इतकं चोख होतं की मला लगेच संशय आला. चोख उत्तरांचा मला नेहमीच येतो. लोकांना वाटतं ही जिल्हा कोर्टात उभी राहते म्हणून अशी झाली. खरं उलट आहे. मी आधीपासून अशी, म्हणून कोर्टात खपून गेले. बाजारात मी बांगड्याचे कल्ले उघडून बघते, मग भाव विचारते. कोणी माझं कौतुक केलं की याचं घोडं कुठे अडलंय ते आधी शोधते. आमच्या किनाऱ्यावर हा दुर्गुण समजत नाहीत. इथे ‘बरा आसा मा?’ असं विचारणारासुद्धा उत्तर ऐकताना डोळे बारीक करतो.

तन्वीला मी उद्या ये म्हटलं. ती गेली, आणि माझ्या बोटांना रातांब्याचा चिकट लाल रस लागल्याचा भास झाला. मी तिच्या वयाची होते तो मे महिना मला आधी बोटांनीच आठवतो. सकाळपासून आई आणि मी रातांबे फोडत बसायचो, गर-बिया वेगळ्या, सालं वेगळी. आमसुलांसाठी अंगणभर सोलं वाळत घातलेली. प्रवेश परीक्षा नुकतीच झालेली, तरी माझं पुस्तक मांडीखाली असायचं आणि त्याची पानं कडेने तांबडी झालेली. दुपारी वारा फिरायचा. बायका माडाची झापं विणता विणता गजाली करायच्या, आणि खाडीवर एकेक होडी वर ओढायची तयारी चाललेली असायची. घामाला मिठाचा वास आणि मिठाला माशाचा.

या सगळ्यातून मला सुटायचं होतं. कोल्हापूरच्या कॉलेजचा एक फोटो मामेबहिणीने मोबाइलवर पाठवला होता. दगडी जिना, वर कमान, आणि जिन्यावर पांढऱ्या-काळ्या कपड्यांतली मुलं. मी तो फोटो दिवसातून कितीदा बघत असे ते विचारू नका. त्या जिन्यावर मला कोणी ‘गो, तू कोणाचा चेडू?’ असं विचारणार नव्हतं. हॉस्टेलच्या खोलीला दार असणार होतं, आणि ते आतून लावता येणार होतं. आमच्या घरात दारं आहेत, पण लावलं की लगेच आई विचारते, आत काय चाललंय?

मला सरकारी वकील व्हायचं होतं, आणि तीही फाशी मागणारी. जन्मठेपेवर समाधान मानणारी वकील मला अर्धवट वाटायची. त्या वर्षी मंडळाच्या स्पर्धेत मी हेच बोलले. बातम्यांत तेव्हा एक भयंकर प्रकरण गाजत होतं आणि सगळ्यांचं रक्त तापलेलं होतं. मी माइक हातात घेतला आणि म्हटलं, “माणसाला शिक्षेचं भय पाहिजे. आणि ते शेवटचं भय पाहिजे.” मांडव दणाणला. पुढच्या रांगेत मंडळाचे अध्यक्ष भिवा आबा बसले होते. बक्षिसाचा कप हातात देताना ते म्हणाले, “चेडू खरा बोललां.”

भिवा आबा म्हणजे आमच्या गडग्यापलीकडचे शेजारी. बायको वारलेली, मुलगा मुंबईला. पहाटे उठून आपली होडी काढायची, खाडीच्या तोंडापर्यंत जाऊन जाळं टाकायचं आणि मिळेल ते घेऊन यायचं, हा त्यांचा दिवस. घरात बोलायला कोणी नाही म्हणून ते होडीशी बोलत. आम्ही मुलं त्यावर हसायचो.

टाळ्यांचं मला फार अप्रूप वाटलं होतं. आता वाटतं, त्यात अप्रूप कसलं? मरण मागायला आमच्या गावाला कधी भाषणाची गरज पडली? पोर जेवायला वेळेवर आलं नाही तर आई अंगणातून ओरडते, ‘खंय मेलो तो, मुडदो बशिवलो तेचो!’ आणि आलं की ताटात माशाचा मधला तुकडा वाढते. वीज गेली की ‘तोंडार शिरा पडो तेच्या’ म्हणून वायरमनचा उद्धार होतो. दिवसभरात प्रत्येक घरातून चार-दोन मरणं बाहेर पडतात आणि कोणाचं वाकडं होत नाही. शब्द इतके वापरून गुळगुळीत झालेत की त्यांना धार आहे हे आम्ही विसरलोय.

मग अमावास्येचं उधाण आलं आणि आबांची होडी गेली.

सकाळी ती खाडीच्या तोंडाशी खडकाळ खडपावर सापडली. फळ्या उसवलेल्या, पोट फाटलेलं. आबा पाण्यात गुडघाभर उभे होते. होडीला दोरी तशीच होती, टोकापर्यंत धड. दोरी तुटलेली नाही, म्हणजे कोणीतरी सोडली, असं तिथल्या तिथे ठरलं. हे कोणी ठरवलं ते मला आजही सांगता येणार नाही. गर्दीतून एक वाक्य निघालं आणि सगळ्यांचं झालं.

आता सोडली कोणी? आबांचं भांडण कोणाशी, हे शोधायला गेलं तर ते सगळ्या वाडीशी होतं, त्यामुळे तपास अवघड होता. पण सगळ्यात ताजं भांडण आमच्याशी. आमच्याकडे गडगा ही चालती-फिरती वस्तू आहे. दोन घरांमधली ती दगडांची रचलेली भिंत दर पावसाळ्यात कोणाच्या ना कोणाच्या बाजूला हातभर सरकते. त्या वर्षी ती आबांच्या मते त्यांच्या अंगणात आली होती. बाबा आणि आबा समोरासमोर उभे राहून तासभर ओरडले होते आणि ते ऐकायला लोक चहा सोडून आले होते.

कोणी म्हणालं, पोलिसांत जा. आबा म्हणाले, “पोलिसांकडे गेलंय तर कागद होतलो. माका कागद नको, न्याय होयो.” आणि सोमवारी ते देवळात गेले.

आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात. देवासमोर नारळ ठेवायचा आणि आपलं जे काय असेल ते मोठ्याने सांगायचं. प्रत्येक वाक्यानंतर जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. एरवी गाऱ्हाणी गोड असतात. पोराला नोकरी लागू दे, सुनेला सुखरूप मोकळी कर. त्या सोमवारी आबांनी गुरवाला बाजूला सारलं आणि स्वतःच बोलले.

“बा देवा म्हाराजा! ज्या कोणी माजी होडी सोडून घातल्यान, तेका पावसाच्या आदी तुज्या दारात आडवो कर!”

“व्हय म्हाराजा!”

सगळे म्हणाले. म्हणावंच लागतं, न म्हणणाऱ्याकडे बोट जातं. मीही म्हटलं, आणि म्हणता म्हणता सगळ्यांची तोंडं न्याहाळली. कोणाचा आवाज पडलाय का, कोण खाली बघतंय. बाबा खांबाला टेकून उभे होते. त्यांचे ओठ हलताना दिसले, पण आवाज मला काही ऐकू आला नाही. तिथेच माझ्या मनात काहीतरी खुट्ट झालं.

थोड्याच दिवसांत बाबांचे डोळे पिवळे झाले.

आधी आईला वाटलं उन्हाने असेल. मग अन्नाचा वास नकोसा झाला, लघवी गडद झाली. डॉक्टरांनी कावीळ सांगितली, गोळ्या दिल्या, तेल-मासळी बंद केली आणि उतार पडला नाही तर ओरोसच्या मोठ्या दवाखान्यात न्या म्हणाले. त्या उन्हाळ्यात खालच्या वाडीतही दोघांना कावीळ झाली होती. पण ते गडग्यावरून भांडले नव्हते, म्हणून त्यांना नुसती कावीळच झाली. बाबांच्या बाबतीत मात्र तो देवाचा निकाल ठरला.

कोणी तोंडावर काही म्हणालं नाही. आमच्याकडे तोंडावर म्हणायची रीत नाही. रातांबे फोडायला येणाऱ्या बायका कमी झाल्या. ज्या आल्या त्या आधी खाटेकडे वाकून बाबांच्या डोळ्यांत बघायच्या, मी बांगड्याचे कल्ले बघते ना, अगदी तशा. “कसो आसा आता?” असं विचारताना प्रत्येकीची नजर बाहेर आभाळाकडे जायची. ढग जमायला लागले होते. दरवर्षी पाऊस लवकर यावा म्हणून जीव टाकणारं आमचं घर त्या वर्षी देवाला म्हणत होतं, जरा थांब.

आई साधी बाई नाही. तिने सगळा विचार करून ठेवला होता. ती बाबांना म्हणाली, “देवळात जावन सांगा, माज्याकडसून झाला म्हणान. मगे आबा गाऱ्हाणा सोडवतले.”

“केला नसला तरी?” मी विचारलं.

“तोंडान म्हटल्यान काय जाता गो? जीव तरी ऱ्हवात.”

हल्ली कोर्टात एखाद्याचा कबुलीजबाब माझ्या हातात येतो तेव्हा मला तो वाचायच्या आधी आईचं हे वाक्य ऐकू येतं. जीव राहावा म्हणून माणूस काय काय कबूल करेल? आणि त्याची सही बघून आपण निर्धास्त होतो.

पण तेव्हा माझी अडचण वेगळी होती. मला खरंच कळत नव्हतं की बाबांनी केलं की नाही. प्रवेश परीक्षेचा निकाल लागला, कोल्हापूरला माझं नाव लागलं, घरात पेढे आले, आणि मी पेढा खात खाटेवरच्या माणसाकडे बघत विचार करत होते, हा असं करेल? बाबा रागीट होते. पण पावसात भिजणारं दुसऱ्याचं कुत्रं घरात घेणारेही होते. दोन्ही बाजूंचे मुद्दे माझ्याकडे तयार होते. शेवटी मी विचारलंच.

“बाबा, तुमी सोडल्यात दोरी?”

ते छपराकडे बघत राहिले. मग म्हणाले, “कोल्हापुराक कदी जावचा आसा?”

पुढे साक्षीदारांनी मला असं कितीदा तरी चुकवलं असेल, पण इतका राग परत कधी आला नाही.

मी आबांकडे गेले. ते अंगणात त्या फुटक्या फळ्या एकावर एक रचत होते. त्यांचं काय करणार, हे त्यांनाही ठाऊक नसावं.

“आबा, गाऱ्हाणा मागे घेवा.”

“कित्याक? बापाशीन केल्यान?”

“माका म्हायत नाय.”

“मगे मागे कशाक घेव?”

“तेंनी केला नसला तर?”

“तर देव तेका कशाक धरीत?”

मी वाद घालायला लागले. कावीळ पाण्याने होते, खालच्या वाडीतल्या दोघांनाही झाली आहे, एक पुरावा तरी दाखवा. आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग हातातली फळी खाली ठेवली.

“बाय, तूच म्हणालंस मा, स्टेजार? शिक्षेचा भय होया, आणि ता शेवटचा होया. माज्या मनात पयला इतक्याच होता, की जो कोण आसा तेना येवन तोंड दाखवचा. तुजा भाषण माका पटला होता.”

स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याची वेळ संपली की घंटा वाजते आणि आपण बसतो. तिथे कोणी घंटा वाजवली नाही. मी गडग्यावरून उडी मारून घरी आले आणि मागीलदारी धुण्याच्या दगडावर बसले. माझे शब्द आबांच्या तोंडी इतके साधे, इतके बरोबर वाटत होते की मला भीती वाटली.

तिथेच मला गोळ्या दिसल्या. अळवाच्या आळ्यात, चिखलात फुगून बसलेल्या. आई रोज हातावर ठेवत होती आणि बाबा चूळ भरायला येऊन रोज टाकत होते.

मी तशाच चिखलाच्या हाताने आत गेले. “ह्या काय?”

“निकाल लागलो मगे औषद कशाक?” बाबा म्हणाले.

“म्हणजे तुमीच केल्यात?”

मग ते बोलले. आमच्या खाडीत जागा थोडी, होड्या जास्त. एका खुंटाला दोन-दोन बांधतात. आपली काढायची तर पुढच्याची सोडायची, आपली ओढून घ्यायची आणि पुढच्याची परत बांधायची. कोणी कोणाला विचारत नाही, सगळे तेच करतात. त्या संध्याकाळी बाबांनीही आपली होडी काढायला आबांची सोडून तेच केलं होतं.

“बांदलंय. बांदलंय असाच वाटता. पण येळ होत होतो, आणि डोक्यात गडगो होतो. रागात माणूस गाठ कशी मारता, तेका तरी कळता काय?”

“पण मुद्दाम नाय मा?”

“मुद्दाम नाय,” ते म्हणाले. “नाय असाच वाटता. पण सगळो गाव इतको ठाम आसा, की आता माकाच माजो संशय येता.”

मला रडू आलं. मी जन्माची संशयी, सगळ्या गावावर संशय घेऊन झाला होता, बापावरही घेतला. पण माणूस स्वतःवरच असा संशय घेऊन अंथरुणाला खिळेल, हे मला सुचलं नव्हतं. माझ्या भाषणात माणसं दोनच प्रकारची होती. केलेली आणि न केलेली. केलं की नाही हे ज्याचं त्यालाच ठाऊक नाही, असा माणूस त्यात कुठेच बसत नव्हता. आणि तो मरायला निघाला होता, माझ्याच घरात, माझ्याच मुद्द्यावर.

“ह्याच आबांका सांगा,” मी म्हटलं. “केलंय म्हणू नकात, नाय केलंय असा पण म्हणू नकात. ह्याच सांगा.”

“असा अर्धा कोण ऐकतलो?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना धरून आबांच्या अंगणात नेलं. गडग्याला वळसा घालून, कारण त्यांच्याने चढवेना. आई मागून येत होती, ‘सरळ केलंय म्हणा’ असं पुटपुटत. बाबांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. शेवटी आबांनी विचारलं, “गाठ मारल्यार ओढून बघलंस?”

“आठवणा नाय.”

आबा फळ्यांवर बसले. आता ते ओरडतील, मग लोक जमतील, असं मला वाटत होतं. पण ते आपल्या हातांकडे बघत होते. “मी पण तुजी होडी किती वेळा सोडून बांदलंय,” ते हळूच म्हणाले. “ओढून कदीच बघूक नाय.”

देवळात गुरव गोंधळला. गाऱ्हाणं सोडवायची रीत त्याला पाठ होती. अपराध्याने पुढे यायचं, केलं म्हणायचं, नाक घासायचं. इथे अपराधी म्हणून कोणाला उभं करायचं? शेवटी आबाच पुढे झाले.

“बा देवा म्हाराजा, मी मागलंय ता मागे घेतंय. होडी कोणी सोडल्यान ता माका म्हायत नाय. म्हायत नसताना मरण मागलंय. चुकला-माकला पदरात घे.”

लगेच कोणी काही म्हणालं नाही. लोकांचा हिरमोड झाला होता, तो मला स्पष्ट दिसत होता. मग बाबाच म्हणाले, “व्हय म्हाराजा.” या वेळी मला ऐकू आलं. त्यांच्यामागून बाकीचे म्हणाले.

बाबांना आम्ही ओरोसला नेलं. सलाइन लागलं, गोळ्या मी समोर बसून गिळायला लावल्या. पाऊस आला तेव्हा ते खाटेवर उशीला टेकून पेज पीत होते. गावाने त्याचाही अर्थ लावला. गाऱ्हाणं सोडवलं आणि माणूस उठला, म्हणजे केलं त्यानेच. डॉक्टरचं नाव कोणी घेतलं नाही. आजही घेत नाहीत. तेव्हा मी भांडायचे, आता गप्प बसते. गावाकडे माझं मत बदलायला वेळ आहे, माझ्याकडे गावाचं बदलायला नाही.

फाशीबद्दलचं माझं मत मात्र त्या मे महिन्यात बदललं ते कायमचं. पुढे पुस्तकांत या बदललेल्या मताच्या बाजूचे मोठमोठे मुद्दे वाचले, पण ते सगळे मला नंतर आलेल्या पाहुण्यांसारखे वाटले. आबांना मागे घेता आलं. कारण बाबा अजून जिवंत, खाटेवर होते. मला दुसरा मुद्दा लागला नाही, आणि तन्वीला मी उद्या तेवढाच सांगणार आहे. टाळ्या पडणार नाहीत, हेही सांगेन.

मी कोल्हापूरला निघाले तेव्हा बाबांना एसटी स्टँडपर्यंत येण्याची ताकद नव्हती. माझी बॅग उचलून आबा आले. भर पावसात. गाडी सुटायच्या बेताला ते खिडकीशी आले.

“बाय, एक इचारू? तुजो बापूस माज्या समोरच ऱ्हवतलो. सकाळी उठलंय की तोच दिसतलो. गाठ खरीच मारल्यान की नाय, ता माका मरेपर्यंत कळाचा नाय. असा न कळता शेजारी कसा ऱ्हवाचा, ह्या शिकवतत थय?”

“बघते आबा,” मी म्हटलं.

“शिकवल्यानी तर येवन सांग,” ते म्हणाले आणि मागे सरले.

कॉलेजात पुष्कळ शिकवलं. हे शिकवलं नाही. मी सुट्टीत घरी आले तेव्हा आबांना तसं सांगायला खाडीवर गेले. आबांनी नवी होडी केली नव्हती, आणि बाबांना एकट्याने जाळं ओढवत नव्हतं. त्यामुळे दोघं बाबांच्या होडीतून जायला लागले होते. संध्याकाळ होती, ते नुकतेच परतले होते, आणि सुरमईचं डोकं कोणी न्यायचं यावरून भांडत होते. बाबांनी खुंटाला गाठ मारली. आबा खाली वाकले आणि त्यांनी ती दोन्ही हातांनी ओढून बघितली. दुसऱ्या दिवशी आबांनी बांधली आणि बाबांनी ओढली. त्यांचा एकमेकांवर विश्वास बसलाय असं मला तेव्हा वाटलं नव्हतं, आजही वाटत नाही. एक बांधतो, दुसरा ओढून बघतो, आणि मग दोघं मिळून घरी येतात.